खाऱ्या पाण्यातलं पावणं

दिन्या, तुझं रक्षाविसर्जन उरकून आम्ही घरी आलो आणि तासाभराच्या आत तू तुझ्या घरच्यांना माशांच्या टाकीत सापडलास.

हसू नकोस. मला तेव्हा हसू आलं नव्हतं आणि आताही येत नाही. हॉलमध्ये सतरंजीवर माणसं बसली होती, चहा फिरत होता, कुणी कुणाशी बोलत नव्हतं, आणि टाकीतून आवाज आला. टक्. काचेवर नखानं टिचकी मारावी तसा. तुझी शाहूवाडीची मावशी कप ओठाशी धरून तशीच थांबली. पुन्हा टक्. "दिनू हाय," ती म्हणाली. "घरातनं पाय निघंना झालाय लेकराचा." बघता बघता अख्खी खोली टाकीकडं तोंड करून हात जोडून बसली.

तो आवाज कुणाचा हे त्या खोलीत एकट्या मला ठाऊक होतं. मी काय केलं? चहा संपवला, कप खाली ठेवला आणि घरी गेलो.

हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्या चहासारखंच आहे. ठाऊक असायचं आणि गप्प बसायचं. माझा धंदाच तसा. पेठेतल्या माझ्या फ्रेमच्या दुकानात माणूस फोटो घेऊन येतो, त्याच्या चेहऱ्यावरूनच कळतं की फोटोतला माणूस गेला. मी एवढंच विचारतो, पट्टी काळी की सोनेरी? कसे गेले, काय झालं, काही नाही. तू म्हणायचास, "तुझ्या दुकानात दुःखातल्या माणसाला लई बरं वाटत असणार मर्दा. भिंतीपुढं उभं ऱ्हायल्यागत." तुझाही फोटो माझ्याकडंच आला. कंपनीच्या ओळखपत्रावरचा, मोठा केलेला. त्यात तू कॅमेरावाल्यावर खेकसल्यासारखा बघतोयस. मी काच कापायला घेतली आणि हिरा वाकडा गेला. दुसरी काच घेतली, तीही तडकली. इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं. रागानं झालं ते, दिन्या. रडण्यानं नव्हे. रागानं.

पहिला राग तुझ्यावर. दुसरा त्या सगळ्यांवर, जे दारात चप्पल काढता काढता म्हणत होते, "चांगलं मरण आलं. त्रास न्हाई काय न्हाई. उभ्या उभ्या गेला." कुणी सांगितलं त्रास नव्हता? कुणी बघितलं होतं? त्रास होता. कित्येक महिने होता. बघितला होता मी. आणि तिसरा राग कुणावर ते पुढं येईलच.

मला राग येतो तो याचा की हे तुझ्याच बाबतीत व्हावं. दुसऱ्या कुणाचं असतं तर म्हटलं असतं, बिचाऱ्याला कळलं नाही. तुला कळत होतं. लपून बसलेलं काय असतं, कुठं असतं, लहान असतानाच का गाठायचं, हे कोल्हापुरात तुझ्याइतकं कुणाला कळत होतं?

शिरोलीच्या फौंड्रीत दिवसभर वितळलेल्या लोखंडापुढं उभा राहणारा माणूस तू. "घरी आल्यावर डोळ्याला गार काय तरी पाहिजे," म्हणत तू आधी गोड्या पाण्याचे मासे पाळलेस, मग ते मिळमिळीत वाटायला लागले म्हणून खाऱ्या पाण्याचे. समुद्र राहिला घाटापलीकडं, आणि तू पेठेत दुसऱ्या मजल्यावर समुद्र करायला निघालास. टाकीचे सांधे मी भरले, सिलिकॉननं. वहिनींनी स्वयंपाकघरात मीठ कालवायला बंदी घातली, म्हणून पिंप आलं जिन्याखाली. तिथं गाळलेल्या पाण्यात ते खास मीठ ढवळायचं आणि बादल्या वर चढवायच्या. तालमीच्या कट्ट्यावरनं आरोळी यायची, "दिनूदा, मासं खारवायला टाकल्यात व्हय? वाळत कवा घालणार?" तू जिन्यातनंच ओरडायचास, "आधी तुझं तोंड वाळत घाल!"

मग दगड आले. मुंबईत कुणी हौशी माणूस आपली टाकी मोडत होता. त्याचे दगड थर्माकोलच्या पेटीत, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून, ट्रॅव्हल्सच्या डिकीतून आले. समुद्रातला दगड म्हणजे नुसता दगड नसतो, त्याच्या भोकाभोकात बिऱ्हाडं असतात, हे आपल्याला कुठं ठाऊक? आपण ते सरळ टाकीत मांडले. थोड्याच दिवसांत एका कपारीतून तपकिरी, काचेसारखा आरपार देठ वर आला. डोक्यावर बारीक बारीक हातांचा झुपका. पाण्याबरोबर डुलत होता. वहिनीसुद्धा पदराला हात पुसत बघायला आल्या. "अहो, दगडाला फूल आलं की!"

फूल कसलं. ऐप्टेशिया. समुद्रफुलाच्या जातीचा, पण जात्याच आगाऊ. जवळ येईल त्याला डंख मारायचा, शेजाऱ्याला जाळून त्याची जागा घ्यायची, आणि एकाचे शंभर व्हायचं. ते नाव तुझ्या तोंडात काही बसेना. म्हणून दगडातून न बोलावता घरात शिरलेल्या सगळ्यांना तू एकच नाव दिलंस. पावणं. "आलं बघ पावणं. कपारीत बूड टेकून बसलंय."

आणि मी शहाणा. आमच्या धंद्यात काचेवर डाग दिसला की ब्लेडनं खरवडतात. म्हटलं त्यात काय, काढ खरवडून. बाह्या वर केल्या, फ्रेमचा पुठ्ठा कापायचं ब्लेड घेतलं आणि तो देठ दगडावरून सोलून काढला. तू शाबासकी दिलीस. महिना गेला आणि टाकीभर पावणं उगवलं. मागच्या काचेवर, पंपाच्या जाळीवर, शंखाच्या पाठीवर. खरवडताना सुटलेल्या कणाकणाचा एकेक झाला होता. तू चार दिवस माझ्या दुकानावरून तोंड फिरवून गेलास. पाचव्या दिवशी पायरीवर उभं राहून म्हणालास, "तुझं ब्लेड हितंच ठेव. आरशाचा तुकडा असला तर घेऊन ये."

त्या आरशानं माझे रविवार बदलले. लांब काडीला चिकटवलेला तो तुकडा दगडामागं धरायचा, वरून टॉर्च मारायची, आणि जिथं डोळा पोचत नाही तिथं कोण बसलंय ते बघायचं. औषध होतं चुना. खायचा चुना. तू टपरीवर गेलास तर टपरीवाला म्हणाला, "पान न्हाई, तंबाखू न्हाई, नुसताच चुना? कुणाला लावणार हायसा दिनूदा?" तू म्हणालास, "पावण्याला." तो आठवडाभर पेठेत सांगत सुटला की दिनूदाच्या पोरीला बघायला आलेलं स्थळ काय धड दिसत नाही. पुढं तू कळीचा चुना आणून स्वतः विरवायला लागलास, त्यात भेसळ नको म्हणून.

पंप बंद करायचे. पाणी निवळू द्यायचं. चुन्याची पातळ लापशी सिरिंजमध्ये भरायची, आणि सुई इतकी हळू न्यायची की त्याला वाऱ्याचीही शंका येऊ नये. घाई केली की तो भोकात सुर्रकन आत जातो, मग तास तास बाहेर येत नाही. "हळू. सावली पाडू नको. त्याला वाटू दे खायला घालालोय," तू पुटपुटायचास. त्याच्या तोंडावर चुन्याचा थेंब ठेवला की तो खरंच खाऊ समजून आवळून घ्यायचा, आणि तिथंच आक्रसायचा. वरून अजून थोडा चुना, भोक बुजेपर्यंत. एका वेळी दोन-चारच. जास्त केले तर पाणीच बिघडतं, पावण्याबरोबर घरचेही जायचे. फौंड्रीत आवाजानं बहिरा होत आलेला, बोलला की तिसऱ्या घरात ऐकू जाणारा तू, त्या वेळी श्वाससुद्धा मोजून घ्यायचास. एवढा नाजूक हात मी कुणाचा पाहिला नाही. मी आरसा धरायचो. आपण दोन बापे, रविवारच्या दुपारी, मटणाचा हात धुऊन, गुडघ्यावर बसून दगडाच्या ढेंगेखाली बघत बसलेले. वहिनी म्हणायच्या, "एवढं वाकून देवाला तरी नमस्कार केलाय का कवा?"

आणि ओळखायला शिकवलंस, हेही लिहायला हवं. सगळे पावणे मारायचे नसतात. तो काटेरी किडा आठवतो? लालसर, शेकडो पायांचा. तू उघड्या हातानं उचललास आणि त्याचे केस तुझ्या बोटात शिरले. माझ्या दुकानातली चिकटपट्टी लावून लावून आपण ते उपटून काढले. तू शिव्या घालत त्याच्या खानदानाला शोधून शोधून बाहेर काढलंस. नंतर कळलं की ते बिचारे उरलंसुरलं अन्न खाऊन वाळू साफ ठेवतात. तू कितीतरी दिवस चुटपुटत होतास. "आधी ओळखायचं, मग मारायचं. आपण उलटं केलं." पुढचे दगड तू थेट टाकीत कधीच ठेवले नाहीस. जिन्याखाली वेगळा टब, त्यात छोटा पंप, आणि दगडाला तिथं महिना-दीड महिना मुक्काम. रोज कामावरून आलास की अंगावरच्या त्याच काळ्या बनियनमध्ये टॉर्च घेऊन टबापुढं उकिडवा. एकेका भोकात डोकवायचास. ओतीव लोखंडातलं बारीक भोक शोधणारा डोळा तुझा, तो काय सोडतोय.

आता मला सांग. दगडाला महिनाभर बाहेर बसवून तपासणारा तू. एक पावणं जरी दिसलं तर "आज एक हाय, उद्या घर त्याचं" म्हणून मला दुकान बंद करायला लावणारा तू. त्यावरून आपला वाद कधी मिटलाच नाही. मी म्हणायचो, एखादा राहिला कोपऱ्यात तर राहू दे, सगळे कधी संपणार आहेत थोडेच. तू उसळायचास. "कोपऱ्यातलंच घात करतंय! समोरचं दिसतंय तरी."

मग तुझ्या छातीतलं काय होतं?

पहिल्यांदा जिन्यात झालं. भरलेली बादली तू मधल्या पायरीवर ठेवलीस आणि कठड्याला धरून उभा राहिलास. कपाळावर घाम. डाव्या खांद्याला हातानं चोळत होतास. मी विचारलं तर म्हणालास, "रस्सा तिखट झाला. ॲसिडिटी हाय." बरं, मानलं. पुन्हा झालं. तेव्हा तू स्टुलावर बसून म्हणालास, "आवळल्यागत हुतंय. बसलं की जातंय." मी म्हटलं, डॉक्टरला दाखवू. आत्ता चल, रिक्षा करतो. तू आधी स्वयंपाकघराच्या दाराकडं बघितलंस, मग माझ्याकडं. "सुनंदाला कळलं तर उद्याच्याला टाकी भंगारात जाईल. ह्या बादल्यांवरनं आधीच तिचं डोकं फिरलंय. पोरीचं लगीन एवढं उरकू दे, मग दाखवू की. तू बोलायचं न्हाईस. माझी शप्पथ हाय तुला."

आणि मी शपथ घेतली. त्यानंतर दर रविवारी मी मधल्या पायरीवर तुझ्या हातातली बादली घ्यायचो, आणि वर जाताना दारात तुझ्या हातात परत द्यायचो. वहिनींना दिसू नये म्हणून. एवढी हुशारी केली मी.

तू मंगळवारी कंपनीच्या कँटीनच्या दारात पडलास. मी दवाखान्यात पोचलो तेव्हा सगळं संपलं होतं. डॉक्टरांनी वहिनींना विचारलं, "आधी कधी छातीत दुखल्याची तक्रार होती का?" वहिनी ताठ उभ्या होत्या. म्हणाल्या, "कधीच न्हाई. त्यांनी मला सांगितल्याबिगर ऱ्हायलेच नसते." आणि साक्षीला माझ्याकडं वळल्या. "व्हय की न्हाई, भावजी?"

मी मान हलवली. कुठल्या बाजूला, ते आता सांगता येत नाही. त्यांना जी बाजू हवी होती त्या बाजूला हलली.

हा तिसरा राग, दिन्या. तो माझ्यावरचा. तुझी शपथ, तुझी शपथ असं मी स्वतःला घोकून घोकून सांगितलं. पण शपथ मोडायला मला कधीपासून भीती वाटायला लागली? खरं वेगळंच आहे. मी एकटा माणूस. रविवारी दुपारी माझ्या खोलीत घड्याळाशिवाय कुणी बोलत नाही. टाकी गेली असती तर माझा रविवार गेला असता. वहिनींना सांगावं असं कितीदा वाटलं, आणि दर वेळी मी म्हटलं, एवढा एक रविवार होऊ दे. शपथ ही मला सोयीची पडली. बस.

तर, उत्तरकार्याच्या आदल्या दिवशी सकाळी मी तुझी फ्रेम घेऊन घरी गेलो. दारातूनच दिसलं. तुझे थोरले बंधू आप्पा धोतर खोचून स्टुलावर उभे, हातात तुझीच जाळी. खाली दोन बादल्या, काठोकाठ भरलेल्या. पाण्याचा गढूळ रंग बघूनच कळलं की पंचगंगेवरून आणलंय.

"या पावणं," आप्पा म्हणाले. मला ते नावानं कधी हाक मारत नाहीत. "दिनूला मोकळं करालोय."

"म्हणजे?"

"मासं गंगेला सोडायचं. मुका जीव कोंडून ठेवलाय त्यानं, म्हणून त्याचा बी जीव ह्यातच अडकलाय. दिवसभर टकटक करून सांगालाय की, सोडा म्हणून." त्यांचे डोळे भरले होते. शाहूवाडीत भाताची कामं टाकून आलेला तो माणूस, धाकट्या भावासाठी जे सुचलं ते करत होता. आणि जाळीत तुझ्या त्या केशरी जोडीतला एक मासा आला होता.

"थांबा!" मी ओरडलो.

त्या घरानं माझा आवाज एवढा मोठा कधी ऐकला नव्हता. मीही नव्हता. वहिनी आतून दारात आल्या.

"त्या बादलीत टाकला तर मरेल तो. खाऱ्या पाण्यातला आहे."

"मासा पाण्यात मरतोय व्हय?" मावशी म्हणाली. "मग काय झाडावर ठेवायचा?"

कुणीतरी फिसकन हसलं. मी म्हटलं, "मावशी, तुम्हाला आठ दिवस नुसतं समुद्राचं पाणी पाजलं तर काय होईल?"

"मरीन की."

"त्याचं उलटं. त्याला नदीचं पाजलं तर तो मरेल. आठ दिवस नाहीत, थोड्या वेळात. तडफडून."

आप्पांनी जाळी पाण्यात बुडवली. मासा सुटला आणि दगडामागं पळाला. आप्पा माझ्याकडं बघत राहिले. "मग त्यो आवाज?"

मी फ्रेम भिंतीला टेकवली आणि कपाटावरून आरशाची काडी काढली. टॉर्च घेतली. आप्पांना स्टुलावरून उतरवून गुडघ्यावर बसवलं, जसं तू मला बसवायचास. डावीकडच्या दगडाखाली आरसा सरकवला. तिथं तो बसला होता, बोटाच्या पेराएवढा, एक नांगी साधी आणि एक निम्म्या अंगाएवढी. आपला टिचक्या. शेवटच्या दगडांतून आलेला. तुझ्या टबातून निसटलेला एकच. पहिल्यांदा टक् ऐकलंस तेव्हा तू घाबरला होतास, शिंपले फोडणारी, मासे मारणारी एक जात असते ती शिरली म्हणून. बाटलीचा सापळा लावून किती रविवार वाट बघितली आपण. मग आरशात तो दिसला, तू पुस्तकातल्या चित्रांशी ताडून बघितलंस, आणि सिरिंज खाली ठेवलीस. "हे पावणं साधं हाय. नुसतं वाजवतंय. राहू दे." आणि मग, "सुनंदाला सांगू नको. अजून एक जीव आला म्हणून ओरडंल."

आप्पांच्या डोळ्यांदेखत त्यानं मोठी नांगी मिटली. टक्.

"आयला!" आप्पा म्हणाले. "खेकडं हाय की ओ हे."

"कोळंबी."

आप्पा मागं वळून सगळ्यांकडं बघत म्हणाले, "मंजी इतकं दिवस आमी कोळंबीला हात जोडालोय?"

हसू फुटलं. तुझ्या घरात, तू गेल्यावर पहिल्यांदा. आप्पासुद्धा डोळे पुसत हसले. मावशी तेवढी हसली नाही. ती माझ्याकडं बोट करून म्हणाली, "तुमी त्या दिशी हितंच बसला हुतासा की. चहा पीत. तवा तोंड शिवलं हुतं व्हय?"

मी आरसा खाली ठेवला आणि फ्रेम उचलली.

"भावजी," वहिनी दारातून म्हणाल्या, "हे तुम्हाला आधीपासनं ठाऊक होतं?"

"हो."

"मग मला का न्हाई सांगितलं?"

"दिन्यानं सांगू नको म्हटलं होतं."

त्या टाकीपाशी आल्या. मग अगदी हळू, तू सुई न्यायचास तेवढ्या हळू, म्हणाल्या, "आणि काय काय सांगू नको म्हटलं होतं त्यांनी?"

दिन्या, त्या क्षणी भोकात शिरायला मला जागा नव्हती. हातात तुझी फ्रेम होती, अजून कागदात गुंडाळलेली. मी सांगितलं. सगळ्यांदेखत सांगितलं. जिन्यातली मधली पायरी, खांद्याला चोळणारा हात, ॲसिडिटी, शपथ. दारात बादली परत द्यायचो तेही. आणि शपथेमागं काय लपवलं होतं तेही, माझा रविवार. माझा आवाज मलाच परका वाटत होता. आप्पांनी जाळी खाली ठेवली.

वहिनींनी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "दवाखान्यात मी सगळ्यांपुढं विचारलंतं तुम्हाला."

"हो."

"मी तिथं छाती ठोकून सांगितलं. मला सांगितल्याबिगर राहिले नसते म्हणून."

"हो, वहिनी."

"जावा तुम्ही."

मी फ्रेम खुर्चीवर ठेवली आणि गेलो. दुसऱ्या दिवशी घाटावर आलो होतो, मागं उभा होतो. जेवणाला थांबलो नाही. तुझ्यावर चिडायला निघालो होतो आणि दर वेळी वाट माझ्याच दारात येत होती. तरी सांगतो, तुला सोडलेलं नाही मी. तू तिच्यापासून लपवलंस, कारण तुला टाकी प्यारी. मी लपवलं, कारण मला तू प्यारा. आपण दोघांनी मिळून त्या बाईला तिच्याच घरात बाहेरची केली. जिला सगळ्यात आधी कळायला हवं होतं तिला सगळ्यात शेवटी, तेही कोळंबीच्या निमित्तानं कळलं. ह्याला काय म्हणायचं? भेटशील तेव्हा उत्तर तयार ठेव.

रविवार आला. पाणी बदलायचा दिवस. दुकान बंद करून मी बराच वेळ शटरपुढं उभा राहिलो. माशांना आपली भांडणं कळत नाहीत, आणि आप्पांना आरसा दाखवताना मला मागच्या कपारीत एक तपकिरी देठ दिसला होता. लहान होता अजून. तुझं वाक्य कानात होतं. मी चुना कालवला, सिरिंज खिशात टाकली आणि निघालो. म्हटलं, दार लावून घेतलं तर परत यायचं.

वहिनी जिन्याखाली होत्या. पिंपापाशी, तुझ्या बांबूनं मीठ ढवळत. डोळे सुजलेले. माझ्याकडं बघितलंही नाही. बाजूला बादली होती. मी ती उचलायला वाकलो तर हलकी लागली.

"अर्धीच भरलीया," त्या म्हणाल्या. "दोन खेपा करायच्या. आणि कुठं दुखलं-खुपलं तर आधी मला सांगायचं. शप्पथ-बिप्पथ काय चालायची न्हाई."

मी अर्धी बादली घेऊन वर गेलो. मधल्या पायरीवर थांबावं लागलं नाही. टाकीत ओतली, खाली आलो, पुन्हा अर्धी घेतली.

दोन खेपा, दिन्या. एवढंच होतं रे.